ओतून न दिलेले मिश्रण

आमच्या मोठ्या मावशीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. इंदूरच्या त्या मोठ्या कुटुंबात दुभत्याच्या कपाटापासून धान्याच्या कोठीपर्यंत प्रत्येक कुलपाची किल्ली तिला केवळ स्पर्शाने ओळखता येई; दिवे गेलेले असले तरी ती जुडग्यात बोटे घालून नेमकी हवी ती किल्ली पुढे करीत असे. सत्तरी ओलांडल्यावर एके दिवशी तो जुडगाच सापडेना. सर्वांनी घर पालथे घातले. तिसऱ्या दिवशी तो तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी मिळाला. तो तेथे कोणी ठेवला हे मावशीला आठवत नव्हते. इतकेच नव्हे, तर या किल्ल्या कशाच्या, असे तिने थोरल्या सुनेला त्या दिवशी दोनदा विचारले. "वय झाले, आता असे व्हायचेच," असे म्हणून आम्ही सारे स्वस्थ बसलो. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले ते त्यानंतर चार वर्षांनी. तोवर तिला सुनेचेही नाव आठवेनासे झाले होते.

ही घरगुती हकीकत विज्ञानाच्या सदरात कशाला, असे वाचक विचारतील. तिचा संबंध जपानमधील क्योतो शहरातल्या एका कारखान्याशी, तेथील एका तरुण अभियंत्याशी आणि त्याच्या हातून झालेल्या एका चुकीशी कसा पोहोचतो, हे आज सांगावयाचे आहे. वाट थोडी वळणाची आहे. पण वाचकांनी धीर धरावा.

आपल्या शरीरात जे काही घडते, ते बहुतांशी प्रथिने घडवून आणतात. अन्नाचे पचन, स्नायूंचे आकुंचन, रक्तातून प्राणवायूची ने-आण, रोगजंतूंशी झुंज, ही सारी त्यांचीच कामे. प्रथिनांचा आराखडा जनुकांत लिहिलेला असतो आणि मनुष्याच्या ठिकाणी प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. परंतु आराखडा वाचला म्हणजे घर पाहिले, असे होत नाही. पावसाळ्यात डबक्यात शेपटी हलवीत फिरणारे बेडकाचे पिल्लू आणि पुढे काठावर बसून डरकणारा बेडूक या दोघांची जनुके एकच. तरी एकाला शेपटी व कल्ले, तर दुसऱ्याला पाय व फुप्फुसे. भेद पडतो तो कोणती प्रथिने केव्हा आणि किती बनली यामुळे. एखाद्या पेशीतील किंवा शरीरातील सर्व प्रथिनांच्या या समुदायाला १९९४ साली मार्क विल्किन्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 'प्रोटिओम' असे नाव दिले. त्याच्या अभ्यासाला प्रोटिओमिक्स म्हणतात. आपण त्याला प्रथिनसमूहशास्त्र म्हणू.

आता प्रश्न असा की, हजारो प्रथिने एकत्र मिसळलेली असताना त्यांतील प्रत्येक ओळखावयाचे कसे? रेणू डोळ्यांना दिसत नाही. पण त्याचे वजन करता आले, तर ओळख पटू शकते. रेणूंचे वजन करण्याची युक्ती जुनी आहे. केंब्रिजचे जे. जे. टॉमसन आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिचा पाया घातला. ॲस्टन यांनी १९१९ साली आपले यंत्र सिद्ध केले आणि १९२२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापक, असे म्हणतात. त्याच्या एका प्रकाराचे तत्त्व कॅरम खेळणाऱ्या मुलासही समजेल. सारख्याच जोराने टिचकी मारली, तर हलकी सोंगटी वेगाने धावते आणि जड स्ट्रायकर मागे रेंगाळतो. तद्वत विद्युद्भार धारण केलेल्या रेणूंना निर्वात नळीत एकसारखा विद्युतदाबाचा धक्का दिला, तर हलके रेणू नळीच्या दुसऱ्या टोकाला आधी पोहोचतात आणि जड रेणू मागाहून. एकाचे वजन दुसऱ्याच्या चौपट असेल, तर त्याला दुप्पट वेळ लागतो. पोहोचण्याचा वेळ मोजला की वजन कळले.

युक्ती सोपी, परंतु तिला एक अट आहे. रेणू आधी मोकळा होऊन हवेत, किंबहुना निर्वात पोकळीत, तरंगावयास हवा आणि त्याच्या अंगी विद्युद्भार असावयास हवा. लहान रेणूंच्या बाबतीत हे जमते. देवापुढचा कापूर पाहा: तो न वितळता गुपचूप उडून जातो. प्रथिनांची गोष्ट मात्र निराळी. अंड्यातील पांढरा भाग तव्यावर टाकला तर तो उडून जात नाही, थिजून घट्ट होतो; आणखी तापविला तर करपतो. प्रथिनाचा रेणू हायड्रोजनच्या अणूच्या हजारो पट जड असतो. त्याला उडवावयास जावे, तर तो उडण्याआधी मोडतो. लेसर किरणांचा मारा करून पाहिला तरी तेच. म्हणून कित्येक दशके हे उत्तम यंत्र प्रथिनांपुढे हतबल होते, आणि प्रथिने या मार्गाने तोलता येतील ही आशा जाणत्या रसायनशास्त्रज्ञांपैकी अनेकांनी सोडून दिली होती.

कोइची तानाका यांना ही निराशा ठाऊक नव्हती, कारण ते रसायनशास्त्रज्ञच नव्हते. त्यांचा जन्म १९५९ साली तोयामा येथे झाला. आई त्यांच्या जन्मानंतर महिनाभरातच वारली आणि काकांच्या घरी ते पुत्र म्हणून वाढले. ही गोष्ट त्यांना विद्यापीठात जाण्याच्या वेळीच कळली. तोहोकू विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला. तेथे जर्मन भाषेच्या विषयात अडखळल्यामुळे त्यांचे एक वर्ष वाया गेले, हे येथे मुद्दाम नमूद करतो; ज्या घरांत यंदाच्या निकालामुळे कोणी मुलगा किंवा मुलगी खिन्न बसली असेल, तेथे ही ओळ वाचून दाखवावी. १९८३ साली पदवी घेऊन ते क्योतोच्या शिमाझू कंपनीत नोकरीस लागले. ही कंपनी १८७५ साली गेन्झो शिमाझू यांनी शाळांसाठी वैज्ञानिक उपकरणे बनविण्याकरिता सुरू केलेली. तानाका यांना पाच जणांच्या एका गटात घेण्यात आले. यंत्राचे निरनिराळे भाग गटातील निरनिराळ्या व्यक्तींकडे होते. नमुना कसा तयार करावा आणि लेसरच्या साहाय्याने रेणू कसे उडवावेत, एवढा भाग तानाकांच्या वाट्याला आला. सगळ्यांत अवघड काम नवख्याकडे आले, ही कोठल्याही कचेरीतली रीतच म्हणावयाची!

गटातील एका ज्येष्ठाच्या सूचनेवरून ते कोबाल्ट धातूची अतिसूक्ष्म पूड वापरीत होते. धातू एरवी चकाकतो. पण त्याचे कण प्रकाशाच्या लहरीहूनही बारीक केले की तो काजळासारखा काळा दिसू लागतो आणि पडलेला प्रकाश झपाट्याने शोषून घेतो. लेसरची उष्णता या पुडीने क्षणार्धात शोषावी आणि रेणूला मोडण्यास अवधी मिळण्यापूर्वीच त्याला वर फेकावे, अशी कल्पना. पूड ॲसिटोनसारख्या पातळ द्रवात कालवून नमुन्यात मिसळावयाची. महिनोन्महिने प्रयत्न झाले; प्रथिनांएवढे मोठे रेणू काही उडेनात.

१९८५ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. तानाकांचे वय तेव्हा पंचवीस. पूड कालविताना त्यांनी ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन ओतले. चूक लगेच ध्यानात आली. नियमाप्रमाणे ते मिश्रण मोरीत ओतून नवे करावयास हवे होते. पण ती पूड महाग होती. जपानी घरांतून 'मोत्ताइनाइ' असा एक शब्द नित्य कानी पडतो. वस्तू वाया जाताना मनाला जी चुटपुट लागते, ती त्या शब्दात आहे. आपल्याकडे पानात टाकलेल्या भाताकडे पाहून आजी जे म्हणते, तेच हे. तानाकांना मिश्रण टाकवेना. ग्लिसरीन निर्वात पोकळीत हळूहळू उडून जाईल आणि मागे नेहमीचा नमुना उरेल, असा त्यांनी हिशेब केला. ते लवकर उडावे म्हणून त्यांनी लेसरचा मारा चालू ठेवला. आणि तेवढा वेळही स्वस्थ बसवेना म्हणून आलेखाकडे पाहू लागले. तेथे एक अनोळखी टोक उभे राहिले होते. नमुना होता ब-१२ या जीवनसत्त्वाचा, ज्याच्या रेणूचे वजन सुमारे १,३५० आहे. ते टोक बरोबर त्याच ठिकाणी होते. रेणू अखंड उडाला होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. या हकीकतीत 'दैवाने दिले' असे म्हणण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि वर्तमानपत्रांनीही तसेच म्हटले. परंतु मिश्रण चुकणे हा यातील लहानसा भाग. चुकलेले मिश्रण न टाकणे, ग्लिसरीन उडून जाण्याची वाट न पाहता मोजमाप चालू ठेवणे, आणि आलेखातील अनपेक्षित टोकाला यंत्राचा दोष समजून पुसून न टाकणे, ही तिन्ही कामे माणसाची होती. शिवाय ते टोक दिसले, कारण सहकाऱ्यांनी तितकी तल्लख यंत्रणा तयार ठेवली होती. तानाकांनीही हे श्रेय नेहमीच गटाचे मानले.

पुढे त्यांनी ग्लिसरीन व कोबाल्ट यांचे प्रमाण, नमुन्याची मात्रा, लेसरचा जोर यांची पुनःपुन्हा फेरजुळणी केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एकस्वासाठी अर्ज झाला. १९८७ साली ताकाराझुका येथील जपान-चीन संयुक्त परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. लायसोझाइम हे अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिन त्यांनी मोजून दाखविले होते. त्याचे वजन सुमारे १४,३००. आणि त्याचे सात-सात रेणू एकत्र चिकटलेले, म्हणजे सुमारे एक लाख वजनाचे पुंजकेही त्यांच्या आलेखावर उमटले होते. जे अंडे तव्यावर थिजते, तेच येथे उडाले! परिषदेस अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट कॉटर उपस्थित होते. त्यांच्यामुळे ही वार्ता पाश्चात्त्य देशांत पोहोचली. एरवी ती बराच काळ जपानी भाषेतच राहिली असती. कंपनीने यंत्र विक्रीस काढले, ते एकच खपले.

न्यायाने आणखी दोन नावे सांगितली पाहिजेत. जर्मनीत मायकेल करास आणि फ्रान्झ हिलेनकाम्प हे याच सुमारास स्वतंत्रपणे काम करीत होते. त्यांनी धातूच्या पुडीऐवजी लहान सेंद्रिय रेणूंच्या स्फटिकांत प्रथिने मिसळण्याची रीत काढली, आणि १९८८ साली मोठी प्रथिने मोजून दाखविली. आज जगभर जी पद्धत चालते ती त्यांची. पहिला मोठा रेणू उडविल्याचा मान तानाकांकडे जातो. पण पारितोषिकाच्या वाटणीत जर्मन जोडीवर अन्याय झाला, असे म्हणणारे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते असे मला वाटते. याच काळात अमेरिकेत येल विद्यापीठातील जॉन फेन यांनी दुसरा मार्ग काढला. प्रथिनांचा द्राव बारीक सुईतून उच्च विद्युतदाबाखाली फवारावयाचा. तुषार वाळत जातात आणि शेवटी भारित प्रथिन एकटे उरते. १९१७ साली जन्मलेले फेन या कामाकडे वळले तेव्हा त्यांचे वय निवृत्तीच्या जवळ आले होते. त्यांना व तानाकांना २००२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्धा वाटा स्वित्झर्लंडच्या कुर्ट व्यूथ्रिख यांना, उरलेला अर्धा या दोघांत. फेन तेव्हा ८५ वर्षांचे, तर तानाका ४३ वर्षांचे. तानाकांजवळ डॉक्टरेट नव्हती. बातमी कळल्यावर ते कारखान्याच्या कामाच्या पोशाखातच पत्रकारांसमोर येऊन बसले; प्रारंभी तर कोणी थट्टा करीत आहे असेच त्यांना वाटले होते.

आता या युक्तीने प्रथिने ओळखतात कशी, ते पाहू. एखादी जाडजूड पोथी घ्या आणि 'क' किंवा 'र' हे अक्षर आले की त्याच्या पुढे ती फाडा, असा नियम करा. निरनिराळ्या पोथ्यांचे निरनिराळ्या लांबीचे तुकडे पडतील. ग्रंथालयातील प्रत्येक पोथीचे असे किती वजनाचे तुकडे पडावयास हवेत, याची यादी आपल्याजवळ असली, तर केवळ तुकडे तोलून पोथीचे नाव सांगता येईल. प्रयोगशाळेत ट्रिप्सिन नावाचा पाचक रस हे फाडण्याचे काम करतो. वीस अमिनो आम्लांपैकी ठराविक दोन आम्लांच्या पुढे तो प्रथिनाची साखळी तोडतो. यंत्र तुकडे तोलते, अनेकदा त्यांचे आणखी तुकडे करून पुन्हा तोलते, आणि संगणक त्यांची जनुकांच्या यादीशी गाठ घालून देतो.

या मार्गावर भारताचेही पाऊल उमटले आहे, याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अखिलेश पांडे यांच्या पुढाकाराने २००२ साली बंगळूर येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्स' ही संस्था स्थापन झाली. तेथील तरुण संशोधक आणि हॉपकिन्सचे संशोधक यांनी मिळून मे २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मानवी प्रथिनसमूहाचा पहिला कच्चा नकाशा प्रसिद्ध केला. प्रौढांच्या १७ व गर्भाच्या ७ ऊती आणि रक्तातील ६ प्रकारच्या पेशी, असे ३० नमुने तपासून त्यांनी १७,२९४ जनुकांची प्रथिने दाखविली. म्हणजे एकूण जनुकांच्या सुमारे ८४ टक्के. त्याच अंकात म्युनिकच्या एका गटाचा असाच दुसरा नकाशा छापला गेला. दोन्ही नकाशांवर टीकाही झाली. नाकात वासाची जाणीव करून देणारी म्हणून ओळखली जाणारी प्रथिने इतर अवयवांत कशी सापडली, असा बोचरा प्रश्न काहींनी विचारला; काही ओळखी घाईने पटविल्या गेल्या होत्या, हे उघड झाले. मग अधिक कडक कसोट्या लावून यादी नव्याने पारखण्यात आली, आणि २०२० साली जागतिक प्रकल्पाने ९०.४ टक्के प्रथिनांची खात्रीलायक नोंद जाहीर केली. उरलेली दहा टक्के सर्वांत हट्टी आहेत. ती फार थोड्या प्रमाणात, फार थोड्या ठिकाणी वा आयुष्याच्या थोड्याच काळात बनत असावीत.

रुग्णालयात मात्र या विद्येने नकाशा पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. तापाने फणफणलेल्या रोग्याच्या रक्तातून वाढविलेले जंतू कोणत्या जातीचे, हे ठरविण्यास पूर्वी आणखी एक-दोन दिवस रासायनिक कसोट्या कराव्या लागत. आता जंतूंचा ठिपका धातूच्या पट्टीवर लावून त्यावर लेसर सोडतात. प्रथिनांच्या वजनांची नक्षी पाहून काही मिनिटांत जात कळते. आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांतूनही अशी यंत्रे आहेत. जंतू आधी वाढवावे लागतात ती प्रतीक्षा अद्याप टळलेली नाही, आणि यंत्राची किंमत लहान गावच्या दवाखान्याला परवडणारी नाही.

आता किल्ल्यांकडे वळतो. मावशीला जो रोग झाला, त्या अल्झायमरच्या रोगात मेंदूमध्ये अ‍ॅमिलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यांचे थर साचतात. हे साचणे विस्मरण दिसू लागण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होते. ते पाहावयाचे तर मेंदूचे महागडे चित्रण करावे लागे किंवा पाठीच्या कण्यातून द्रव काढावा लागे. नोबेलनंतर कंपनीने तानाकांच्या नावाने प्रयोगशाळा काढली, आणि तेथे त्यांनी रक्ताच्या अल्पशा नमुन्यात अत्यल्प प्रमाणात असणारी प्रथिने हुडकण्याचे काम हाती घेतले. जपानच्या राष्ट्रीय वार्धक्यविज्ञान केंद्रातील संशोधकांसह केलेले त्यांचे संशोधन २०१८ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडांच्या साहाय्याने रक्तातून हे तुकडे वेचून काढावयाचे आणि त्यांचे वजन करून त्यांच्या प्रमाणांची तुलना करावयाची. एक विशिष्ट तुकडा मेंदूत अडकून पडतो म्हणून रक्तात इतरांच्या मानाने कमी भरतो. जपानमधील १२१ आणि ऑस्ट्रेलियातील २५२ व्यक्तींची तपासणी केली असता मेंदूचे चित्रण व रक्ताची परीक्षा यांचा सुमारे ९० टक्के मेळ बसला.

ही परीक्षा साचलेले प्रथिन दाखविते, रोग दाखवीत नाही. साचलेले असूनही अखेरपर्यंत शहाणे-सुरते राहिलेले वृद्ध आहेत. औषधांचे म्हणाल, तर २०२३ साली अमेरिका व जपान येथे लेकानेमॅब या औषधास मान्यता मिळाली. ते प्रारंभीच्या अवस्थेत रोगाची चाल थोडी मंद करते, गेलेली स्मृती परत आणीत नाही, आणि त्याचे दुष्परिणामही जपावे लागतात. तेव्हा पंधरा वर्षे आधी कळून माणसाने करावे काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपेक्षा घरच्या मंडळींचा अधिक आहे. खरे सांगावयाचे तर मला स्वतःला कळून घ्यावेसे वाटेल की नाही, याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही.

मागील महिन्यात धाकट्या मावशीकडे गेलो होतो. ती आता एकाहत्तर वर्षांची आहे, आणि किल्ल्या हल्ली तिच्याकडे असतात. हे सारे तिला सांगितले. ती शेंगा सोलीत होती. तिने सर्व ऐकून घेतले, त्या चुकलेल्या ग्लिसरीनची गोष्ट तिला आवडली, आणि मग म्हणाली, "अरे, मला कळलेले चालेल. ताईला कोणी विचारलेच नाही. किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या, ते माझे मला शुद्धीत असताना ठरविता येईल ना!"